मुखडा न वाजवता

"गाणं हाय हे. ट्यून नाय," बाझिल म्हणाला आणि त्यानं पियानोचं झाकण लावून टाकलं.

क्लॅरिनेट अजून माझ्या ओठांपासून लांबसुद्धा गेली नव्हती. गुरुवारची दुपार होती. हॉटेलातली जेवणं उरकली होती, वेटर टेबलांवरच्या चादरी बदलत होते आणि कोपऱ्यात आमची पाच जणांची तालीम चालली होती. मी आमच्या अण्णाचं गाणं वाजवून दाखवलं होतं. मुखडा, एक अंतरा, परत मुखडा. वाजवलं चांगलंच होतं. वाजवण्यात मी कधी कुणाला हार गेलो नाही, मार खाल्ला तो दुसऱ्याच गोष्टींत.

मी म्हणालो, अख्खा महाराष्ट्र गातो हे गाणं, आणि तुम्ही म्हणता नाय?

"लोक गातात ते गाणं. वाजवणारे आपल्या घरी घेऊन जातात ती ट्यून." त्यानं झाकण परत उघडलं आणि डाव्या हातानं दोन कॉर्ड, म्हणजे गाण्याखाली धरायचे सुरांचे जुडगे, दाबल्या. "बघ. खाली एवढंच हाय. मुखडा काढून घेतला तर उभं ऱ्हायला जमीन नाय. मी सोलो कशावर घेऊ, तुझ्या डोक्यावर?"

बाकीचे हसले. बाझिल कार्दोज मडगावचा. साठीचा, आडवा माणूस, उमेदीची वर्षं बोटीवर वाजवत काढलेली. त्याच्याकडे काळ्या रेक्झिनची एक वही होती. तीत त्यानं स्वतःच्या हातानं शे-सव्वाशे ट्यून उतरवलेल्या होत्या. त्या वहीत असेल तेच आमचा बॅण्ड वाजवायचा. बहुतेक सगळी अमेरिकेतली गाणी, तिकडच्या सिनेमा-नाटकांतली. मीही तापलो होतो. म्हणालो, ही तुमची गाणीसुद्धा एकेकाळी तिकडचे आचारी आणि कारकून गुणगुणत होते ना? मग ती जॅझ झाली आणि आमचं राहिलं बॅण्डबाजा, हा कुठला न्याय?

तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "त्यांची शंभरातली नव्व्याण्णव मेली बाबा. ही उरलेली हायेत."

बरोबर बोलत होता. म्हणूनच मला जास्त राग आला.

ही एकाहत्तर सालातली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ मारुती लाखे, परळच्या खोलीत अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं आणि काही न करता परत शिवलं. हौसावहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, आवडीचं खायला घाला. खाणार काय, पाणी ठरत नव्हतं.

आमचं घराणं इचलकरंजीचं, वडिलांचा ब्रास बॅण्ड. अण्णा कॉर्नेट वाजवायचा, मी क्लॅरिनेट. वराती, गणपती, निवडणुकीच्या मिरवणुका, सगळं रस्त्यावर चालत वाजवलं. अण्णा आधी मुंबईला आला, स्टुडिओंच्या दारात बसून राहिला. चौसष्ट साली एका मराठी सिनेमाच्या संगीतकाराला गावरान गाणं जमेना, म्हणून ते अण्णाच्या पदरात पडलं. 'पाटाच्या पाण्या, सांगून ये' असा त्याचा मुखडा. ते गाणं इतकं गाजलं की काय सांगू. सकाळी रेडिओवर, दुपारी चहाच्या दुकानात, संध्याकाळी वरातीत. रेकॉर्डवर अण्णाचं नाव बारीक अक्षरांत होतं, ते कुणी वाचलं नाही. पुढं दुसरं गाणं काही त्याच्या हातून झालं नाही. खिडकीखालून वरात गेली आणि बॅण्डवाल्यानं त्याच्याच गाण्यात सूर चुकवला की हा वरून ओरडायचा, "अरं, तिथं खाली उतर, खाली!" खालच्या लोकांना वाटायचं, हा कोण येडा.

पासष्ट साली मी बाझिलकडे लागलो. तेव्हा अण्णा एकदा मोठ्या हौसेनं कॉर्नेट घेऊन तालमीला आला आणि त्यानं आपलं गाणं वाजवलं. बाझिलनं तेव्हाही हेच सांगितलं होतं, पॉप्युलर हाय, ट्यून नाय. चार लोकांदेखत. अण्णा हसला, कॉर्नेट पुसून पेटीत ठेवली आणि गेला. त्यानंतर ती पेटी क्वचितच उघडली. घरात तो विषय कधी निघाला नाही.

आणि त्या जानेवारीत, मी त्याचे पाय चेपत बसलो असताना, तो एकदम म्हणाला, "शिवा, बाझिलच्या वहीत माझं गाणं जाईल का रं?"

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतोय. पण डोळे टक्क उघडे होते.

"वरातीत वाजतंय, बारशाला वाजतंय, मला त्याचं वाईट नाही," तो म्हणाला. "पण कधी तरी वाजवणाऱ्यांनी ते वाजवावं. आपणहून. आणि मी खुर्चीत बसून ऐकावं. एकदाच."

आयुष्यात त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला मुंबईला त्यानं आणलं, पहिली क्लॅरिनेट त्यानं घेऊन दिली, टायफॉइडमध्ये माझं अंग त्यानं पुसलं. मी म्हणालो, जाईल की, का नाही जाणार. आणि त्याच गुरुवारी बाझिलनं झाकण लावलं.

ग्रँट रोडला माझा एक पारशी दोस्त होता, केकी. स्टुडिओत अ‍ॅकॉर्डियन वाजवून थकलेला, एकटा. त्याच्याकडे एक जुना पियानो होता. पुढचे तीन आठवडे मी रोज दुपारी तिथं जाऊन बसलो. मुखड्याच्या एकाही सुराला हात लावला नाही, खालची जमीन तेवढी बदलली. दोन कॉर्डच्या अकरा केल्या. जिथं अण्णा सरळ चालत होता तिथं खाली वळणं घातली, पायऱ्या घातल्या. केकी पियानोवर हात ठेवून ऐकायचा. एक दिवस म्हणाला, "डिकरा, आता हे फार शाणं झालं. तुझ्या भावाला ओळखू येशे?" मी म्हणालो, बापाला पोरगं ओळखू येत नाही होय?

चौथ्या गुरुवारी बाझिलनं कागद समोर ठेवला आणि मुखडा सोडून नुसत्या कॉर्ड तीन वेळा फिरवल्या. तिसऱ्या वेळी त्याचा उजवा हात आपोआप वर खेळायला लागला. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आता जमीन हाय. रविवारी बघू."

रविवारी सकाळी अकरा ते एक आमचं खास वाजवणं असायचं. त्याला गिऱ्हाइकं कमी आणि मुंबईभरचे वाजवणारे जास्त. नव्या ट्यूनची परीक्षा तेव्हाच व्हायची, आणि बाझिलची रीत वेगळी होती. नवं गाणं घेतलं तर त्याचं नाव सांगायचं नाही आणि मुखडा वाजवायचा नाही. सुरुवातच सोलोनं करायची. खाली गाण्याच्या कॉर्ड फेरीमागून फेरी फिरत राहणार, वर एकेकानं मनाला येईल ते वाजवायचं. समोर बसलेल्यांपैकी कुणाला गाणं ओळखू आलं की त्यानं चमचा ग्लासवर वाजवायचा. चमचा वाजला की आम्ही पहिल्यांदा मुखडा वाजवून थांबायचो, आणि ते गाणं वहीत जायचं. चमचा नाही वाजला तर मुखडाही नाही आणि वहीही नाही. तोंड झाकलं तरी माणूस चालीवरून ओळखू यावा, तर ती ट्यून, असं बाझिलचं गणित. मला आजही ते पटतं.

मी काय केलं? केकीला फितवलं. म्हणालो, चौथ्या फेरीला चमचा वाजव, ओळखू आलं नाही तरी वाजव. माझा भाऊ जास्त वेळ बसू शकणार नाही. केकीला ते आवडलं नाही. पण माणूस मरायला टेकलाय म्हटल्यावर तो काय बोलणार. आला.

आणि अण्णाला मी या रितीबद्दल काही सांगितलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. त्याला चकित करायची हौस होती मला. मनात पक्कं होतं की दोन फेऱ्यांत त्याचे डोळे चमकणार, तो वहिनीचा हात दाबणार, आणि मग मुखडा येणार. एवढी वर्षं बाझिलकडे काढून माझ्या कानांना खालचं ऐकायची सवय झाली होती, आणि मी धरून चाललो की सगळे तसंच ऐकतात. वरातीत कुठल्या आल्यात कॉर्ड? ढोल, ताशा आणि वर मुखडा. अण्णानं जन्मभर तेच वाजवलं होतं. त्याचं गाणं म्हणजे मुखडाच. हे मला कळायला नको होतं? एकाच बॅण्डमध्ये वाढलो होतो आम्ही.

रविवारी दहाला वहिनीनं शेजारच्या कंपाउंडरकडून इंजेक्शन देववलं. त्याचा असर दीड तास टिकायचा. टॅक्सीनं आणलं. जिना चढायला त्याला पाच मिनिटं लागली. इस्त्रीचा कोट घातला होता, त्यात माणूस शोधावा लागत होता. वहिनीनं खुर्चीवर उशी ठेवली आणि शेजारी बसली. अण्णानं सगळीकडे बघितलं, पियानो, ड्रम, वाजवणारे, आणि मला म्हणाला, "आज नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो.

बाझिलनं नेहमीच्या दोन ट्यून घेतल्या. अण्णा छान ऐकत होता, बोटानं टेबलावर ठेका धरत होता. साडेअकराच्या सुमारास बाझिलनं मला मान डोलावून खूण केली आणि अण्णाचं गाणं सुरू झालं.

पहिली फेरी माझी. मी मुखड्याच्या आसपाससुद्धा फिरकलो नाही, रीतच तशी होती. दुसरीत जरा उघडलो. तिसरीत काय झालं मला सांगता येत नाही. ती जमीन मीच तयार केली होती, प्रत्येक पायरी माझ्या पायाखालची होती, आणि बोटं माझ्या पुढं धावायला लागली. असं वाजवणं माझ्या हातून त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. टेबलांवरची कुजबुज थांबली. बाझिल, जो वाजवताना कधी तोंड वर करत नाही, तो माझ्याकडे बघत होता.

चौथी फेरी आली. केकीनं चमचा उचलला. मी बघितलं. आणि मी मान हलवून त्याला नको म्हटलं.

त्याला कळेना. त्यानं परत चमचा वर केला. मी परत मान हलवली. एकच फेरी आणखी, मनात म्हटलं. मग आणखी एक.

अण्णाकडे माझं लक्ष नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लक्ष होतं. त्याचं बोट टेबलावर थांबलेलं मी बघितलं. तो दाराकडे, मग बाझिलकडे, मग घड्याळाकडे बघत होता, कार्यक्रमात आपलं नाव कधी पुकारतील याची वाट बघतात तसा. त्याला ओळखू आलं नव्हतं. पाचव्या फेरीतच मला हे कळलं, आणि मी आठवी वाजवली. नववी वाजवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. वहिनी त्याच्या कानाशी काही बोलली, त्यानं नकार दिला, ती परत बोलली. मग तिनं त्याला काखेत धरून उठवलं. माझी अकरावी फेरी चालू होती.

केकीनं शेवटी मला न विचारता चमचा ग्लासवर आपटला. ग्लासला तडा गेला. आम्ही मुखडा वाजवला, 'पाटाच्या पाण्या, सांगून ये', आणि लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. अण्णाच्या खुर्चीत उशी होती. बाझिलनं भर टाळ्यांत वही उघडली आणि पेनाचं टोपण दातानं काढलं.

मी क्लॅरिनेट हातात तशीच धरून खाली पळालो. टॅक्सी निघून गेली होती.

एकपर्यंतचं वाजवणं उरकून दुपारी दोनला परळला पोचलो तेव्हा तो पडून होता. दुसरं इंजेक्शन झालं होतं. वहिनी चूल पेटवत होती. अण्णानं मला बघून हसायचा प्रयत्न केला. म्हणाला, "झकास वाजवलंस आज. ते शेवटचं तर... कुणाचं होतं रं?"

"तुझं," मी म्हणालो.

"काय?"

"तुझं गाणं होतं, अण्णा. वहीत गेलं. बाझिलनं माझ्यासमोर लिहिलं." मी घाईघाईनं सगळं सांगितलं, ती रीत, मुखडा का नव्हता, चमचा, टाळ्या. तो ऐकत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लवकरच कळलं. आजाऱ्याला लोक खोटं बोलून धीर देतात, डॉक्टरही बोलत होते, शेजारीही बोलत होते, आणि आता मीही त्यांत गेलो, असं त्याला वाटत होतं. त्यानं माझा हात थोपटला.

"असू दे," तो म्हणाला. "तू प्रयत्न केलास. नाही झालं आज."

"अण्णा, आईशप्पथ, तुझंच होतं."

"व्हय, व्हय."

शेजारची खोली, दुपारची वेळ, क्लॅरिनेट वाजवणं बरं दिसलं नसतं. मी त्याच्या कानाशी वाकून नुसत्या शिट्टीवर मुखडा वाजवला. त्यानं डोळे मिटले. ओठ हलले. पहिल्या दोन सुरांतच चेहरा असा उजळला की मी थांबलो.

"हे माझं," तो म्हणाला. मग मला समजावल्यासारखं, "पण हे तिथं कुणी वाजवलंच नाही रं."

बुधवारी पहाटे तो गेला.

दहाव्याला बाझिल आला. काळा कोट घालून, टोपी हातात. खोलीत जागा नव्हती म्हणून दारातच बसला. वहिनीला वाकून नमस्कार केला आणि आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं की त्या रविवारी आलेले सगळे ते गाणं घरी घेऊन गेले, एक जण पुण्यात वाजवतोय, एक बोटीवर, आणि आता ते मरणार नाय. त्याला रडू आलं. खरा माणूस होता. वहिनी मान हलवत ऐकत होती, जणू कुणा लांबच्या नातेवाइकाची खुशाली ऐकत होती. तो गेल्यावर तिनं मला चहा दिला आणि समोर पाटावर बसली.

"भावजी, एक विचारू? बाझिलसाहेब म्हणत होते, मुखडा शेवटी वाजवला."

"हो."

"आम्ही निघाल्यावर?"

"थोड्याच वेळात. टॅक्सीत बसत असाल तुम्ही."

ती जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "ते उठत नव्हते. अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं, म्हणत होते. जिन्यात दोनदा थांबले. मीच ओढून नेलं. मला त्यांचा घाम बघवेना. मी जरा दम धरला असता तर त्यांनी ऐकलं असतं, नाही का?"

तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते. केकी चौथ्या फेरीला चमचा घेऊन तयार होता, वहिनी. तेव्हा अण्णा बसलेला होता, ठेका धरत होता. मी नको म्हटलं. कारण त्या दिवशी मी फार चांगलं वाजवत होतो.

"तुमचा काय दोष त्यात," मी म्हणालो. आणि चहा प्यायलो.

त्यानंतर ती एकोणतीस वर्षं जगली. दर वर्षी अण्णाच्या तिथीला मी जेवायला जायचो. दर वर्षी, पान वाढता वाढता, ती तेच म्हणायची, मी त्या दिवशी घाई केली. आणि मी म्हणायचो, असं मनाला लावून घेऊ नका वहिनी, आणि भात मागून घ्यायचो.